विमानात रुमाल टाकता येत नाही

जागा धरणं ही विद्या आमच्या घराण्यात तीन पिढ्या चालत आली आहे. आजोबा पंगतीत नेमके अशा पाटावर बसायचे, की जिलब्यांचं ताट स्वयंपाकघरातून निघालं की पहिल्यांदा त्यांच्याच पानाशी थांबावं. वडील यष्टीत ड्रायव्हरच्या मागची तिसरी खिडकी धरायचे. पहिल्या दोन का नाहीत असं विचारलं, तर म्हणायचे, "इंजिनाची धग लागते." आणि मी गेली पंचवीस वर्षं बँकेत पंख्याखाली बसतो आहे. शाखा बदलल्या, मॅनेजर बदलले, बँकेचं नावसुद्धा एकदा बदललं; पण मी पंखा सोडला नाही.

या विद्येचं मुख्य साधन म्हणजे रुमाल. यष्टी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून रुमाल आत टाकायचा, की जागा आपली. रुमाल नसला तर टोपी, टोपी नसली तर पिशवी, आणि पिशवीही नसली तर घरातलं सर्वांत लहान पोर. मी स्वतः लहानपणी दोन-तीनदा असा खिडकीतून आत टाकला गेलेलो आहे. सीटवर आडवा पडून "धरलीय, धरलीय" म्हणून ओरडायचं, एवढंच माझं काम. त्या काळात आईवडिलांनी माझ्यावर टाकलेली ती सर्वांत मोठी जबाबदारी होती.

हे सगळं आठवायचं कारण असं, की यंदाच्या जानेवारीत मुलीच्या पदवीदान समारंभासाठी आम्हा दोघांना इंग्लंडला जायचं ठरलं. तिचं शिक्षण मी आजवर फक्त कर्जखात्याच्या उताऱ्यात पाहिलं होतं. ते एकदा झगा-टोपीत पाहावं अशी इच्छा होती. मुंबई ते लंडन म्हणजे नऊ-दहा तासांचा प्रवास. तिकिटं काढली, आणि संगणकाच्या पडद्यावर विमानाचा नकाशा उघडला. हिरवे, निळे, करडे असे तीनशेच्या आसपास चौकोन, आणि जवळजवळ प्रत्येक चौकोनावर एक किंमत. तिकिटाचे पैसे घेऊन झाल्यावर बसण्याचे वेगळे! पंगतीचं आमंत्रण द्यावं आणि पाटाचं भाडं मागावं, तसलाच प्रकार.

"मला खिडकी," ही म्हणाली.

"मला कडेची," मी म्हणालो. "रात्री-अपरात्री उठावं लागतं."

"विमान दुपारचं आहे."

"मला दुपारीही उठावं लागतं."

दुसऱ्या दिवशी हा प्रश्न मी बँकेत काढला, ही चूक झाली. हेडकॅशियर म्हणाले, शेपटीकडे बसा, तिथे धोका कमी. कर्ज विभागातल्या बाई म्हणाल्या, पंखांवर बसा, तिथे हादरे कमी. मेहुण्यांचा फोन आला : संकटकालीन दाराशी बसा, पाय पसरता येतात. आमचा शिपाई आयुष्यात कधी विमानात बसलेला नाही, पण त्यानं मला चांगलं ओळखलं आहे. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही संडासाजवळची घ्या."

आता, बँकेतला माणूस कुठलंही प्रकरण मागचे कागद पाहिल्याशिवाय मंजूर करत नाही. मी ठरवलं, की विमानातली उत्तम जागा कोणती, याचं जुनं रेकॉर्ड आधी काढायचं. तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत मी हेच वाचत होतो. पोळी एका हातात आणि इतिहास दुसऱ्या.

रेकॉर्डचा पहिला कागद विमानाचा निघालाच नाही, बोटीचा निघाला. विलायतेहून मुंबईला पी अँड ओ कंपनीच्या आगबोटी यायच्या, तेव्हा केबिनी थंड ठेवण्याची सोय नव्हती आणि तांबड्या समुद्रात उन्हाच्या बाजूची केबिन म्हणजे भट्टी. त्यामुळे जाणकार साहेब हिंदुस्थानात येताना डावी बाजू मागायचा आणि परत जाताना उजवी. इंग्रजीतला 'पॉश' हा शब्द याच चार शब्दांच्या आद्याक्षरांवरून आला, असं मोठ्या हौसेनं सांगितलं जातं. कोशकारांना ते मान्य नाही; पुरावा सापडत नाही म्हणतात. पण शब्द खोटा असला तरी ऊन खरं होतं. मुंबईहून विलायतेला जाताना उजवी बाजू सावलीची, ही नोंद मी वहीत केली आणि खाली लाल रेघ मारली. आमच्या वडिलांनी तांबडा समुद्र पाहिला नव्हता; पण पुण्याहून सकाळच्या गाडीनं सोलापूरला जाताना कोणत्या बाजूला बसायचं, हे ते याच शास्त्रानं ठरवत.

मग विमानं आली. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीनं लंडन ते कराची अशी सेवा सुरू केली. भाडं १३० पौंड आणि प्रवास सात दिवसांचा. त्यात मध्ये बाझलपासून जिनोआपर्यंत चक्क आगगाडीनं जायचं आणि तिथून पुढे समुद्रावर उतरणाऱ्या विमानात बसायचं. म्हणजे विमानाचं तिकीट काढूनही जागा धरायची वेळ आलीच, तीही रेल्वेत. त्या काळच्या पुष्कळ विमानांत बसायला वेताच्या खुर्च्या असत, कारण वजन वाचवायचं होतं. वजनाची चिंता इतकी, की सामानाबरोबर प्रवाशालाही काट्यावर उभं करत. आमच्या हिनं हे वाचलं आणि म्हणाली, "बरं झालं बाई, तेव्हा आपण नव्हतो." 'आपण' या शब्दावर तिनं माझ्याकडे पाहिलं.

आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूच्या मैदानावर, एक छोटं पुस मॉथ विमान स्वतः चालवत आणलं. त्यात टपाल होतं. पुढच्या पूर्ण वर्षात, म्हणजे १९३३ मध्ये, टाटांच्या या सेवेनं १५५ प्रवासी नेले. वर्षभरात १५५! तेवढी माणसं पेन्शनच्या दिवशी आमच्या काउंटरवर साडेदहालाच उभी असतात. पण त्या १५५ जणांना उत्तम जागा कोणती हा प्रश्न कधी पडला नसेल. इतक्या छोट्या विमानात टपालाच्या पोत्यांनी जी सोडली असेल ती आपली.

यानंतरचा कागद हाती आला आणि माझी पोळी हातातच राहिली. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (तेव्हाचं हो, आता अहिल्यानगर) अशी पहिली यष्टी धावली. आणि बरोबर एका आठवड्यानं, ८ जून १९४८ च्या रात्री, एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. प्रवासी ३५, भाडं एका बाजूचं १७२० रुपये. पस्तीस म्हणजे तरी किती? एका यष्टीत मावतील एवढेच. एकाच आठवड्यात मराठी माणसाला जमिनीवरची आणि हिंदी माणसाला आकाशातली वाट मोकळी झाली. फरक इतकाच, की यष्टीच्या खिडकीतून रुमाल आत जात होता.

त्या विमानात उत्तम जागा कोणती, याचं उत्तर ऐकून आमचे हेडकॅशियर आठवडाभर खूष होते. मलबार प्रिन्सेस हे कॉन्स्टेलेशन जातीचं, चार पंख्यांचं विमान. पंखे म्हणजे पात्यांचे, गरगरणारे. त्यांचा आवाज आणि थरथर पुढच्या अर्ध्या भागात फार, शेपटीकडे शांतता. म्हणून पुढे जेव्हा एकाच विमानात दोन वर्ग आले, तेव्हा बऱ्याच पंख्यांच्या विमानांत पहिल्या वर्गाचे बडे लोक मागे बसायचे आणि स्वस्तातले पुढे. माझ्या वडिलांनी पहिल्या दोन खिडक्या ज्या कारणासाठी सोडल्या, त्याच कारणासाठी राजेरजवाड्यांनी विमानाची पुढची बाजू सोडली होती. मला एकदम घराण्याविषयी अभिमान वाटला.

हे दोन वर्ग कुठून आले, तेही पाहिलं. १९५२ मध्ये अटलांटिकवरून जाणाऱ्या विमानांत 'टूरिस्ट' वर्ग सुरू झाला आणि १९५८ मध्ये त्याहून स्वस्त 'इकॉनॉमी'. भाडी तेव्हा सगळ्या कंपन्यांची संघटना ठरवून देई. नुसती भाडी नव्हे. दोन रांगांत अंतर किती ठेवायचं, खायला काय द्यायचं, तेसुद्धा. स्वस्तातल्या प्रवाशाला जेवण नाही, फक्त सँडविच. स्कँडिनेव्हियाच्या कंपनीनं मग पावाच्या एका चकतीवर इतके पदार्थ रचले, की त्याला सँडविच म्हणावं की लग्नातलं ताट, यावर प्रतिस्पर्धी कंपनीनं तक्रार केली, आणि स्कँडिनेव्हियावाल्यांना खरंच दंड झाला. त्या वेळी दोन रांगांमधलं अंतर सुमारे ३४ इंच असे. आज दूरच्या विमानांतही पुष्कळ ठिकाणी ३१-३२ आहे. मी बँकेतली फूटपट्टी घेऊन आमच्या दोन खुर्च्यांमध्ये ३१ इंच मांडून बसून पाहिलं. उठताना शिपायानं मदत केली.

आणि मग १९६० मध्ये सगळा जमाखर्च उलटला. एअर इंडियाकडे बोइंग ७०७ ही जेट विमानं आली आणि त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कलाही जाऊ लागली. जेटचा आवाज मागे पडतो. इंजिनांच्या पुढे बसलेल्याला शांतता, मागच्याला गोंगाट. झालं! बडे लोक सामान उचलून पुढे आले आणि आपण सगळे मागे गेलो. खुर्च्या त्याच, माणसं तीच. नुसतं इंजिन बदललं आणि काल जमेला असलेली जागा आज नावे पडली. वाणिज्य शाखेत आम्हाला घसारा शिकवला, पण एका वर्षात एवढा घसारा कुठल्याच पुस्तकात नव्हता. हेडकॅशियरांना हे सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "पण सुरक्षिततेचं काय?" ते म्हणाले. त्यांचंही अगदीच खोटं नव्हतं. विमानाची सगळी नोंद ठेवणारी ती पेटी, जिला काळी म्हणतात आणि जी नारिंगी असते, ती शेपटीकडेच ठेवतात. तिथे ती शाबूत राहण्याची शक्यता जास्त म्हणून. पण तीच मलबार प्रिन्सेस ३ नोव्हेंबर १९५० रोजी माँ ब्लाँ पर्वतावर आदळली आणि आतली ४८ च्या ४८ माणसं गेली. तिथे पुढची, मागची, खिडकीची असा भेद उरला नाही. हे वाचलं त्या दिवशी मी डबा न संपवताच झाकण लावलं.

हिच्या खिडकीचाही कागद सापडला. जगातली पहिली प्रवासी जेट सेवा मे १९५२ मध्ये कॉमेट या ब्रिटिश विमानानं सुरू केली. त्याच्या खिडक्या मोठ्या आणि चौकोनी घाटाच्या, बाहेरचं छान दिसावं अशा. पण १९५४ मध्ये लागोपाठ दोन कॉमेट विमानं आकाशातच फुटली. तपास करणाऱ्यांनी एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून, हवेचा दाब पुन्हा पुन्हा देऊन पाहिलं. पत्र्याला पाडलेल्या खिडक्यांच्या आणि झरोक्यांच्या कोपऱ्यांशी ताण साठतो आणि तिथून तडा जातो, असं निघालं. आज विमानाची खिडकी लहान आणि गोलसर आहे, ती यामुळे. शिवाय भिंतीतल्या खिडक्या विमान बांधणारा पाडतो आणि खुर्च्यांच्या रांगा कंपनी आपल्या हिशेबानं ठोकते. दोघांचं माप जुळतंच असं नाही. त्यामुळे खिडकीची म्हणून घेतलेल्या जागेला कधी कधी दोन खिडक्यांमधली भिंत येते. हे मी हिला सांगितलं नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात काय सांगायचं नाही, एवढं कळतं.

जेटनंतर जंबो आलं. १९७१ मध्ये एअर इंडियानं 'एम्परर अशोका' हे बोइंग ७४७ आणलं. बाहेरून प्रत्येक खिडकीभोवती झरोक्याची महिरप रंगवलेली आणि वर चढायला गोल जिना. वरचा मजला म्हणजे पहिल्या वर्गाचा दिवाणखाना. जगभर वरच्या मजल्याची जागा म्हणजे प्रतिष्ठेची कमाल समजली गेली. पण तो मजला मुळात आला कुठून? बोइंगच्या लोकांना वाटत होतं, की लवकरच आवाजापेक्षा वेगवान विमानं सगळे प्रवासी पळवतील आणि ७४७ ला उरलेलं आयुष्य माल वाहावा लागेल. तेव्हा नाकातून पेट्या आत सरकवता याव्यात म्हणून वैमानिकाची खोली उचलून वर ठेवली, आणि तिच्या मागे जी पोकळी उरली ती साहेबांचा दिवाणखाना झाली. मालगाडीच्या सोयीसाठी काढलेला पोटमाळा! पुढे तेलाचे भाव भडकले, तसे बऱ्याच कंपन्यांनी हे दिवाणखाने उचलून तिथेही पैसे देणाऱ्या खुर्च्या मांडल्या. बँकेच्या भाषेत, अनुत्पादक मालमत्ता उत्पादक केली.

खालच्या मजल्यावर आपल्यासारख्यांचं काय चाललं होतं? सुरुवातीला ७४७ मध्ये आडव्या रांगेत नऊ खुर्च्या असत, त्या दहा झाल्या. पुढे ७७७ आलं, तेही बहुतेक कंपन्यांनी नऊनं सुरू केलं आणि दहावर नेलं. ७८७ आठ खुर्च्यांच्या हिशेबानं आखलं होतं. बहुतेक ठिकाणी नऊ बसवल्या. विमान एक इंचही रुंद झालेलं नाही. पंगतीत "जरा सरका हो" म्हणून आणखी एक पाट घुसवावा, तसं हे. फक्त पंगतीत सरकणाऱ्याला वाढपी जास्त जिलबी वाढतो. त्यात काही वर्षं विड्या-सिगारेटी ओढणाऱ्यांच्या वेगळ्या रांगा होत्या. अमेरिकेनं १९७३ मध्ये न ओढणाऱ्यांना वेगळी जागा द्यायची सक्ती केली. पण मध्ये भिंत नव्हती. अमुक रांगेपर्यंत शुद्ध हवा आणि पुढच्या रांगेपासून धूर, हे माणसांना समजत होतं, धुराला समजत नव्हतं.

आता राहिला हा पडद्यावरचा नकाशा. तो कुणी आणला? १९५० च्या सुमारास अमेरिकन एअरलाइन्सच्या कचेरीत फिरत्या कार्डांच्या फायलीभोवती आठ माणसं बसायची. एक जागा गेली की कार्डावर एक खूण. विमान शोधून, जागा ठेवून, तिकीट लिहून हातात पडेपर्यंत सरासरी दीड तास लागे. हे वाचताना मला आमची जुनी शाखा आठवली : पासबुक आत, पितळी टोकन हातात, आणि गिऱ्हाईक बाकावर. विमानतळावरही पुढे पुष्कळ वर्षं तसाच प्रकार होता. काउंटरवर विमानाचा छापील नकाशा, त्यावर खुर्च्यांच्या आकड्यांच्या चिकटपट्ट्या. कारकून एक पट्टी सोलून तुमच्या पासावर चिकटवी, की ती जागा तुमची. त्या कारकुनाचा मला हेवा वाटला. चांगली पट्टी कुणाला द्यायची, हे सर्वस्वी त्याच्या हातात.

तर १९५३ मध्ये लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या एका विमानात ब्लेअर स्मिथ नावाचा आयबीएम कंपनीचा विक्रेता बसला. शेजारच्या गृहस्थाशी बोलणं निघालं. त्यांचंही आडनाव स्मिथ. ते निघाले सी. आर. स्मिथ, अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष! एकानं आपली अडचण सांगितली, दुसऱ्यानं आपली यंत्रं. त्या गप्पांतून 'सेबर' नावाची संगणकी आरक्षणाची यंत्रणा उभी राहिली आणि १९६४ अखेर त्या कंपनीची सगळी आरक्षणं तिच्यावर गेली. आज आपण घरबसल्या जागेवर बोट ठेवतो, त्याचं मूळ या दोन स्मिथांच्या शेजारात आहे. आणि गंमत पाहा, शेजारी कोण हवा हे मात्र त्या यंत्रणेत तेव्हाही निवडता येत नव्हतं, आजही येत नाही.

हा सगळा इतिहास मी रविवारी फोनवर मुलीला ऐकवला. १९२९ पासून १९६४ पर्यंत तिनं शांतपणे ऐकून घेतला. मग मी सहज विचारलं, "तू गेलीस तेव्हा तुझी जागा कोणती होती गं?"

"मधली," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना बाबा, खुर्ची ती खुर्ची, दोन हजार कशाला द्यायचे?"

म्हणालो होतो खरा. सव्वा वर्षापूर्वी, याच टेबलाशी बसून. कर्ज, विमा, व्हिसा यांच्या आकड्यांखाली मी पेन्सिलीनं बेरीज करत होतो आणि दोन हजार रुपये वाचले म्हणून मनात खूष झालो होतो. ज्या पोराला वडिलांनी खिडकीतून आत टाकून जागा मिळवली, त्या पोरानं आपल्या मुलीला जागा न धरताच परदेशी धाडली.

"मग? त्रास झाला?"

"छे. एका बाजूला एक काका होते, ते उठलेच नाहीत. खिडकीत एक गुजराती आजी होत्या. विमान सुटल्यावर मी जरा रडले, जेवण येईपर्यंतच. त्यांनी काही विचारलं नाही, ठेपले काढून हातात दिले. आणि लंडन जवळ आलं तेव्हा स्वतः उठल्या आणि मला म्हणाल्या, तू खिडकीत बस, मी पाहिलंय, तू पहिल्यांदा बघ."

ही चहाचे कप उचलून आत गेली. ती रडल्याचं हिला ठाऊक होतं, हे मला तिच्या पाठीवरून कळलं. तेही सव्वा वर्षं मला सांगितलं गेलं नव्हतं. काय सांगायचं नाही, एवढं तिलाही कळतं.

त्या रात्री मी जागा निवडल्या. उजवी बाजू, कारण इतिहासाची तेवढी एक शिकवण कामाची होती. अक्षरं एच, जे आणि के. मधला आय कुठे गेला, असं हिनं विचारलं. आय हे अक्षर एक या आकड्यासारखं दिसतं म्हणून ते गाळतात, हे मी सांगितलं आणि सगळ्या विमान व्यवसायात एवढा एकच निर्णय शुद्ध कारकुनी आहे, असंही म्हणालो. खिडकीची के हिला. आणि तीन पिढ्यांच्या इतिहासात प्रथमच आमच्या घराण्यातल्या एका पुरुषानं पैसे मोजून मधली खुर्ची घेतली. खिडकी आणि कड अशा दोन जागा घ्याव्यात, मधली रिकामी राहते, ही युक्ती मेहुण्यांनी सांगितली होती. पण मग मध्ये कोण बसवला जाईल, हे मला आता कळलं होतं. ज्याच्या बापानं दोन हजार वाचवले तो.

प्रवासाचा दिवस उजाडला. हिच्या खिडकीत अर्धी भिंत आणि अर्धा पंख आला. ती म्हणाली, "पंख तर दिसतोय, लागला म्हणजे कळेल." ऊन मात्र आमच्या बाजूला आलं नाही, पलीकडच्या रांगेतली मंडळी झडपा ओढून बसली आणि मी वडिलांना मनोमन नमस्कार केला. कडेच्या एच खुर्चीवर एक विशीतला मुलगा आला. छातीशी कागदांची फाईल धरलेली, पाठीवरची पिशवी काढायची की नाही हे ठरत नव्हतं. शिकायला निघालेला. पट्टा कसा लावायचा, ते आमचं पाहून लावलं. विमान सुटलं तसा तो समोरच्या पाठीकडे एकटक पाहू लागला.

हिनं काही विचारलं नाही. नुकती संक्रांत झाली होती. पिशवीतून डबा काढला आणि माझ्यावरून हात लांब करून तिळाच्या दोन वड्या त्याच्या हातावर ठेवल्या. मग, मुलाला बरं वाटावं म्हणून, मी त्याला विमानातल्या जागांचा इतिहास सांगायला घेतला. तांबडा समुद्र झाला, वेताच्या खुर्च्या झाल्या, मलबार प्रिन्सेस मुंबईहून सुटलं. कैरो येण्याआधी त्याला झोप लागली. मान हळूहळू कलत कलत माझ्या खांद्यावर आली.

आणि नेमकं तेव्हाच मला उठावंसं वाटू लागलं.

हिनं खिडकीतून मान वळवून पाहिलं. "जा की," ती हळूच म्हणाली.

"राहू दे," मी म्हणालो. "जागा धरलीय."